लाकडाला ‘रफू’ म्हणायचं का?

कपडे सांधायच्या पद्धतींवरून सुचलेलं लाकडी फर्निचर असतं ना, म्हणजे फळीला भेग गेली की लपवायची नाही, उलट वेगळ्या रंगाच्या लाकडाने किंवा भोकं पाडून दोरीने ती दिसेल अशी सांधायची, त्यावर लिहितेय. सगळीकडे ‘लाकडाचं रफू’ लिहून बसले आणि आता तेच खटकतंय. दुसरा शब्द आहे का?

—

खटकणारच. रफू म्हणजे फाटलं होतं हे कळूच द्यायचं नाही, ताण्याबाण्याचे धागे एकेक करून भरायचे. तुमचं बरोब्बर उलटं चाललंय. ठिगळ म्हणा.

—

ठिगळ नको हो, ठिगळ वरून बसतं. इथे तुकडा फळीत उतरवतात. डमरूच्या आकाराचा तुकडा कापायचा, भेगेवर आडवा ठेवून कडेने आखायचं, पटाशीने तेवढीच खाच कोरायची आणि ठोकून बसवायचा. त्याचे रेषे भेगेला काटकोनात पाहिजेत, नाहीतर कमरेत मोडतो (माझा दोनदा मोडलाय). अमेरिकेतल्या जॉर्ज नाकाशिमांची टेबलं बघा, चीर तशीच ठेवून त्यावर असे डमरू. मी याला टाका म्हणेन, दोन कडा धरून ठेवतो, बास.

—

चीर म्हणजे भेग आणि चीर म्हणजे वस्त्र पण, चीरहरणातलं! एक ती, एक ते. लाकूडही ‘फाटतं’च की. आणि शिवणं तर नुसती उपमा पण नाही, अरबी समुद्रातल्या जुन्या होड्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने शिवलेल्या असायच्या.

—

दंड कुणालाच आठवला नाही? लुगडं मधे विरलं की तेवढं कापून टाकायचं आणि चांगल्या कडा एकमेकींना जोडायच्या, ती शिवण म्हणजे दंड. फळीचा सडका भाग काढून उरलेलं जोडता त्याला फिट्ट बसतो. फक्त ‘टेबलाला दंड घातला’ वाचून लोक विचारतील किती भरला.

—

हाहा, चालेल, एकदा समजावून सांगेन. मग भेगेला टाका, कापून जोडलेल्याला दंड, आणि रफू ठेवते भुसा नि सरस भरून घासून लपवतात त्याला, खरं रफू तेच. आणि डमरू ढिला होऊन निघाला तर टेबल ‘उसवलं’ म्हणू ना?

—

बिनधास्त.