मदत हवी आहे: प्लगिन उतरतं, पण चालत नाही. अर्जंट

होटगी_रोड: बिलावर अक्षरी रक्कम छापणारं प्लगिन काल रात्री टाकलं. माझ्याकडे झकास चालतंय. पुण्याचा मित्र म्हणतो, फाइल सापडत नाही. संध्याकाळपर्यंत एका चादरवाल्याच्या बिलात बसवायचंय. लवकर सांगा.

जुनी_मिल: कुठे टाकलंस? कुठली फाइल? एरर जशीच्या तशी चिकटव की.

होटगी_रोड: एनपीएमवरच की, नोडची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची) पॅकेजं मिळतात तिथं. 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल ./शब्द'.

सात_रस्ता: म्हणून मी वर्डप्रेसवर टाकतो. तिथं प्लगिन आधी माणसं तपासतात.

होटगी_रोड: बिलं नोडमध्ये आहेत बे!

बाळीवेस: ७९ ला 'एकोणऐंशी'च लिहिलंय ना? मराठीत ९९ पर्यंत प्रत्येक आकडा पाठच करावा लागतो, नियम लावून जमत नाही.

जुनी_मिल: ते नंतर. डिस्ट फोल्डर, म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइली, गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या यादीत) आहे का?

होटगी_रोड: आहे. बिल्ड कोण गिटमध्ये ठेवतं?

जुनी_मिल: तिथंच गोम आहे. एनपीएमइग्नोअर (एनपीएमसाठीची तशीच यादी) नसेल आणि पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये, 'फाइल्स' नसेल, तर एनपीएम गिटइग्नोअरच पाळतं. त्यातच 'मेन' म्हणून नाव दिलेली एक फाइल तेवढी आपोआप जाते, बाकीच्या मागे राहतात. 'फाइल्स'मध्ये डिस्ट लिही. मग 'एनपीएम पॅक --ड्राय-रन' चालव, काय काय जाणार ते दिसेल.

पार्क_चौक: एवढं कशाला, अनपब्लिश करून तेच परत टाक.

जुनी_मिल: चुकूनही नको. १.०.० एकदा गेलं की तो नंबर परत मिळत नाही. आणि पॅकेज सगळंच काढलंस तर त्या नावाने २४ तास काही टाकता येत नाही. १.०.१ कर.

सात_रस्ता: २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाचं छोटं पॅकेज काढलं तेव्हा ११ ओळींपायी किती जणांचे बिल्ड कोसळले, आठवतंय का? तेव्हापासून माझा एनपीएमवर विश्वास नाही.

होटगी_रोड: १.०.१ टाकलं, चाललं! आता मित्र विचारतोय, पैसे दशांशात द्यायचे की वेगळे. एवढं कळत नाही का?

जुनी_मिल: कसं कळणार? तुझ्या रीडमीत (कसं वापरायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नुसतं नाव आहे. एक नमुना तरी टाक: १२५०.५० दिलं की 'एक हजार दोनशे पन्नास रुपये पन्नास पैसे फक्त'. शून्य आणि उणे रक्कम दिल्यावर काय येतं तेही लिही. आणि नुसतं गिटवर बदलून उपयोग नाही, एनपीएमच्या पानावर रीडमी पुढच्या व्हर्जनबरोबरच बदलतो.

होटगी_रोड: म्हणजे १.०.२? आधी दुकानात जाऊन येतो.

पार्क_चौक: डबल चादर कितीला देतात तिथं?