अनुभव धागा : पोस्ट, निकाल आणि 'मी कुचकामी'

धागाकर्ती
ज्यांची विशीतली वर्षं एमपीएससी, यूपीएससीच्या अभ्यासिकेत गेली, किंवा अजून जातायत, त्यांच्यासाठी हा धागा. निमित्त ओळखीतल्या एका मुलाचं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे आजारी माणसं जातात. मी आजारी नाही, कुचकामी आहे."

तर सांगा : स्वतःबद्दलचं मत आधी ढासळलं की उदासी आधी आली? कशाचा उपयोग झाला, कशाचा अजिबात नाही? क्लासची, माणसांची नावं नकोत. 'पॉझिटिव्ह राहा' छापाचे प्रतिसादही नकोत. आणि जीव नकोसा झाला असेल तर इथे टंकत बसू नका, १४४१६ ला फोन करा. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

कॉटबेसिस
मराठवाड्यातून थेट सदाशिव पेठेत. मेन्सचा कटऑफ थोडक्यात हुकला आणि तिथून सगळं सुरू झालं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर आधीच सुरू झालं होतं. गावात 'हुशार पोरगा' एवढीच माझी ओळख होती. इथे अभ्यासिकेत प्रत्येक खुर्चीवर एकेका गावचा हुशार पोरगा बसलेला.

मग मेस बंद व्हायच्या वेळेला जेवायला जायला लागलो. भाजी संपलेली असायची, पण "किती स्कोअर येतोय?" विचारणारंही कोणी नसायचं. बरोबरचा एक जण पीएसआय झाला, त्याचा फ्लेक्स गावच्या स्टँडवर लागला, आणि मी यात्रेला गावी जाणं सोडलं. पहाटे तीनला जाग यायची. मग आईच्या गहाण पाटल्यांचा हिशोब उजाडेपर्यंत.

सगळ्यात वाईट म्हणजे वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही. तेच पान परत परत. मला तो पुरावा वाटायचा, की बघ, तुझी कुवतच नव्हती. आजारामुळेही लक्ष लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी झोप सुधारली, नंतर वाचन. स्वतःबद्दलचं मत मात्र तेवढं बदललं नाही. त्यावर अजून काम चालू आहे.

मूकवाचक०७
मेसचं अगदी अगदी. मी 'टेस्ट सिरीज आहे' सांगून चुलतबहिणीचं लग्न टाळलं. टेस्ट सिरीज नव्हती.

निवासीडॉक्टर
मानसोपचारात एमडी करतेय. धागाकर्तीच्या ओळखीतला मुलगा जे म्हणाला ते आमच्या यादीतच आहे. नैराश्याचं निदान करताना ९ लक्षणं बघतात. त्यातली किमान ५, दोन आठवडे जवळजवळ रोज, आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक हवंच. या नवांमध्ये 'आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं' हे एक. म्हणजे 'मी कुचकामी' हे आजाराचं कारण सांगणारं वाक्य असेलच असं नाही, ते स्वतःच लक्षण असू शकतं. पेशंटला मात्र ते सत्य वाटतं, म्हणून तो सांगायलाच येत नाही.

आधी काय, या प्रश्नावर दोन बाजू आहेत. एक म्हणते, कमी आत्मसन्मान असला की नैराश्याचा धोका वाढतो. दुसरी म्हणते, नैराश्य येऊन गेलं की आत्मसन्मानावर व्रण राहतो. सोविस्लो आणि ऑर्थ यांनी २०१३ साली, माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेणारे ७७ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम दोन्हीकडून दिसला, पण आत्मसन्मानाकडून नैराश्याकडे जाणारा जास्त होता. अर्थात आकडा फार मोठा नाही. स्वतःबद्दल वाईट मत असलेल्या प्रत्येकाला नैराश्य येतं असं कोणी समजू नये. आनुवंशिकता, झोप, पैसा, थायरॉईड, बरंच काही असतं.

सातारकरीण
माझं लहानपणापासूनच. भावाच्या क्लासची फी ही गुंतवणूक, माझी फी म्हणजे उपकार. "एवढी एक प्रिलिम दे, नाही निघाली तर स्थळं बघू." त्यामुळे माझी प्रत्येक प्रिलिम शेवटची असायची.

आरशासमोर 'मी यशस्वी आहे' म्हणायचे व्हिडिओ करून पाहिले. माझ्या बाबतीत शून्य उपयोग, उलट खोटं बोलल्यासारखं वाटायचं. नंतर ज्या समुपदेशक मिळाल्या त्या विवेकनिष्ठ पद्धतीच्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या. (मराठीत कि. मो. फडक्यांनी ती रुजवली.) एलिसचं म्हणणं ऐकून मी उडालेच. तो आत्मसन्मान वाढवा म्हणतच नाही. तो म्हणतो, कृतीला मार्क द्या, माणसाला मार्क देणंच बंद करा. वाढवलेला आत्मसन्मान पुढच्या निकालाला परत पडतोच ना!

मॅडमनी मला विचारलं होतं, "प्रिलिम निघाली नाही, हे आयोगाने जाहीर केलंय. तू टाकाऊ आहेस, हे कुठल्या आन्सर कीमध्ये आलंय?" राग आला होता तेव्हा. मग ते वहीत लिहायला लावलं, रोज : काय घडलं, मी त्यावरून काय ठरवलं, पुरावा काय. कंटाळवाणं काम आहे. पण झालं ते त्यानेच.

क्लासटू
उलटा अनुभव देतो. माझी पोस्ट निघाली. शाल, श्रीफळ, जुन्या शाळेत भाषण. पुढच्या पावसाळ्यात मी गोळ्यांवर होतो. प्रशिक्षणात क्लास वनवाले भेटले आणि मी परत शेवटच्या बाकावर. वर तक्रार कुणाकडे करायची? सगळे म्हणणार, तुला काय कमी आहे.

शास्त्रीरोड
सगळं मान्य, पण हे फक्त आपल्या डोक्यातलं आहे असं करू नका राव. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे आशा सुटता सुटत नाही. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना, ती पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात नवी पेठेत पोरं रस्त्यावर उतरली. मीही होतो. कितीतरी महिन्यांनी मला माझा राग आला नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी आला होता. त्या रात्री मस्त झोप लागली. समुपदेशन करा जरूर, पण भरतीचं वेळापत्रकही मागा.

निवासीडॉक्टर
@शास्त्रीरोड, ओपीडीत बसून मी याला नाही म्हणूच शकत नाही.

नवीनसभासद
पहिल्यांदाच लिहितोय. पहाटे तीनचं माझंही आहे. खासगी डॉक्टर परवडत नाही. ससूनला असं काही असतं का? सोबत कोणी लागतं का?

कॉटबेसिस
असतं. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग सांगायचं. मी एकटाच गेलो होतो. सकाळी लवकर जा, रांग असते. काय होतंय ते कागदावर लिहून ने, आत गेल्यावर काही सुचत नाही. आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, माझी अभ्यासिका तिथून लांब नाही.