वर्गात दाखवलेली चित्रे पुस्तिकेत छापता येतील का?

प्रश्न (इतिहास शिक्षिका, सदाशिव पेठ)
पेशवाईवरील पाठासाठी मी केलेल्या स्लाइडमध्ये शनिवारवाड्याची इंटरनेटवरून घेतलेली छायाचित्रे, बालभारतीच्या पुस्तकातील दोन नकाशे आणि एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील एक चित्र आहे. याच साहित्याची पुस्तिका छापून ती इतर शाळांना पन्नास रुपयांना द्यावी, असे आता शाळेचे म्हणणे आहे. चित्राखाली ‘साभार’ लिहिले की पुरते का?

उत्तर (निवृत्त ग्रंथपाल, कोथरूड)
‘साभार’ हे सौजन्य झाले, परवानगी नव्हे; हा गैरसमज मी नोकरीभर पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल हा भंग ठरत नाही, आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या ‘ओघा’चा अर्थ वर्गातील तासापुरता मर्यादित न ठेवता संपूर्ण अभ्यासक्रमाला लागू होईल असा व्यापक लावला. त्यामुळे तुमच्या स्लाइडची चिंता नको. मात्र तो वाद त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या वाचनसाहित्याचा होता. इतर शाळांना विकायच्या पुस्तिकेला त्याची ढाल पुरेल, असे मी तरी धरून चालणार नाही. बालभारतीच्या पुस्तकावर तर संचालकांच्या लेखी परवानगीची अट छापलेलीच असते.

उत्तर (हौशी छायाचित्रकार, कसबा पेठ)
वास्तूचे छायाचित्र काढून छापण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रावर त्याचा स्वतंत्र हक्क असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. तेव्हा वाड्याचे चित्र स्वतःच काढा. वाड्याचा मुख्य दरवाजा, म्हणजे दिल्ली दरवाजा, उत्तराभिमुख असल्याने हिवाळ्यातल्या दुपारी ऊन थेट कॅमेऱ्यात येते. सकाळी लवकर गेलेले बरे. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावरील चित्र घ्यायचे झाल्यास त्याखालील परवाना वाचा, कारण अनेक परवान्यांत श्रेय देणे बंधनकारक असते आणि काहींत चित्रात बदल केल्यास ते त्याच अटींवर खुले ठेवावे लागते. राजा रविवर्म्याचे निधन १९०६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर आता असा हक्क उरलेला नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. वृत्तपत्रातील चित्र वगळले आहे. नकाशे आमचे चित्रकला शिक्षक हुबेहूब उतरवून देतो म्हणत होते, पण हाताने केलेली नक्कलही नक्कलच, हे समजावताना माझा अर्धा तास गेला. बालभारतीला पत्र लिहिले असून ते उद्या सेनापती बापट रस्त्यावरील कार्यालयात देईन. उत्तर येईपर्यंत पुस्तिकेत नकाशांची पाने कोरीच राहतील.