ड्यूईंनी १९०४ ला शिकागो का सोडलं?

बीएड_दुसरंवर्ष:
मंडळी, असाइनमेंट आहे. नोट्समध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंचं १८९६ ला शिकागो युनिव्हर्सिटीत लॅब स्कूल (शिक्षणाचे प्रयोग करायची शाळा) आणि १९०४ नंतर न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटी, बास. मधलं गायब. सर म्हणाले तत्त्वाचे मतभेद. एवढी चालती शाळा नुसत्या तत्त्वापायी कोण सोडतं?

जुनी_मास्तरीण:
तत्त्व कसलं रे, मुख्याध्यापकपदाचं भांडण. १९०१ ला कर्नल पार्करांची शिक्षक तयार करणारी संस्था युनिव्हर्सिटीत आली, तिचं स्कूल ऑफ एज्युकेशन झालं, सोबत त्यांची शाळाही आली, म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीत दोन शाळा. मार्च १९०२ मध्ये पार्कर वारले, कारभार ड्यूईंकडे आला आणि १९०३ ला दोन्ही शाळा एक केल्या. मुख्याध्यापिका कोण, तर ड्यूईंच्या मिसेस अ‍ॅलिस! आता पार्करांच्या जुन्या शिक्षकांचा विचार कर, नवरा डायरेक्टर आणि बायको मुख्याध्यापिका, तक्रार न्यायची कुणाकडे? युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष हार्पर यांनी त्या शिक्षकांना सांगितलं होतं नेमणूक वर्षापुरतीच, आणि ड्यूई मंडळी समजून चालली होती की कायमची. १९०४ च्या एप्रिलमध्ये भांडं फुटलं, राजीनामा.

फिरस्ता:
पैसा पण बघा ना. पार्करांच्या संस्थेमागे अनिता मॅकॉर्मिक ब्लेन, कापणी यंत्रवाल्या मॅकॉर्मिकांची लेक. हार्पर त्या गटाला दुखावतील होय? वाईट याचं वाटतं की शाळा खरंच भारी होती. पोरांना बोंडातून सरकी काढायला बसवलं तर अर्ध्या तासात एक औंससुद्धा कापूस निघेना, मग आपोआप कळलं की आधी लोक लोकरीचेच कपडे का घालायचे. विदर्भातल्या पोराला हे सांगावं लागणार नाही म्हणा.

बीएड_दुसरंवर्ष:
भारीच. मग ते कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात गेले ना? बाबासाहेब तिथेच त्यांचे विद्यार्थी?

जुनी_मास्तरीण:
असं लिहू नकोस, मार्क जातील. नेमणूक फिलॉसॉफी डिपार्टमेंटला, टीचर्स कॉलेजात ते शिकवायचे ते वेगळं. बाबासाहेब १९१३ ते १६ कोलंबियात, मुख्य विषय अर्थशास्त्र, त्यात ड्यूईंचेही क्लास केले.

फिरस्ता:
आणि १९५२ ला ५ जूनला कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली, ड्यूई १ जूनलाच गेले होते. चार दिवसांनी चुकामूक.