सिडनी ते मेलबर्न मोटारीने: आई-बाबांना घेऊन जाताना मुक्काम कोठे आणि किती करावा?

९ मार्च २०२५, वेंटवर्थविल (सिडनी)

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. बाबा पंचाहत्तर वर्षांचे आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. एप्रिलमधील शाळेच्या सुट्टीत त्यांना मोटारीने मेलबर्नला न्यावे, असे आमच्या मनात आहे. तेथे टारनीटला माझी मावसबहीण राहते आणि वाटेत कॅनबेराला माझ्या यजमानांचे शाळासोबती आहेत. परंतु प्रवासाचे खरे कारण याच वाटेवरच्या वोडोंगाला आहे. तेथे बाबांचे एक मित्र राहतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजात ते दोघे चार वर्षे एका बाकावर बसत. हे काका १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात आले आणि त्यानंतर दोघांची गाठ एकदाच पडली, १९९८ साली, तीही एका लग्नाच्या मांडवात अर्धा तास. बाकी सारे दिवाळीच्या फोनवर.

ह्यूम महामार्गाने सलग गेल्यास नऊ-दहा तासांत मेलबर्न गाठता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु वयस्कर माणसांना घेऊन किती दिवसांचा बेत करावा, मुक्काम लोकांच्या घरी करावा की मोटेलात, आणि वाटेत त्यांना काय दाखवावे, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया लिहावे.

आपली,
वेंटवर्थविलची एक सभासद

११ मार्च २०२५, एपिंग (सिडनी)

ताई, नमस्कार.

या रस्त्याने मी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती वेळा गेलो याचा हिशेब ठेवलेला नाही, परंतु पहिल्या दहा वेळा मी चुकीच्या रीतीने गेलो, एवढे नक्की. तेव्हा एका दिवसात पोहोचण्याचा पराक्रम करायचा आणि वाटेतल्या ओळखीच्या प्रत्येक घरी 'चहापुरते डोकावतो' असे कळवायचे, अशी आमची पद्धत होती. परिणाम असा होई की यजमानीण सकाळपासून स्वयंपाक करून बसलेली असे, आम्ही दोन तास उशिरा पोहोचत असू, आणि जेवताना सर्वांचे लक्ष घड्याळाकडे असे. त्याला भेट म्हणता येणार नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्यांना भेटायचे आहे त्यांच्या गावी दोन रात्री काढाव्यात, नाहीतर त्या गावी थांबूच नये. पहिली संध्याकाळ प्रकृतीची चौकशी, मुलाबाळांच्या नोकऱ्या आणि 'अहो, घ्या ना आणखी' यांत संपते. जे बोलण्यासाठी माणूस एवढा लांब येतो, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना किंवा भाजी निवडताना निघते. म्हणून आपण कॅनबेराला एक रात्र (यजमानांचे मित्र तरुण आहेत, ते पुन्हा भेटतील), वोडोंगाला दोन आणि मेलबर्नला चार, असा बेत करावा.

रस्त्याविषयी थोडेसे. गोलबर्नपाशी फेडरल हायवेने डावीकडे वळले की कॅनबेरा साधारण ९० किलोमीटर आहे. वाटेत लेक जॉर्ज लागतो. त्यात कधी पाणी असते, तर कधी मेंढ्या चरत असतात, त्यामुळे आई-बाबांना 'आता मोठा तलाव दिसेल' असे आधी सांगू नये. कॅनबेराहून बार्टन हायवेने यासला येऊन पुन्हा ह्यूम धरावा. सिडनी-मेलबर्न हा ह्यूमचा संपूर्ण रस्ता आता दुपदरी विभागलेला असून बहुतेक ठिकाणी ताशी ११० किलोमीटरची मर्यादा आहे. २०१३ मध्ये होल्ब्रूकचा वळणरस्ता झाला, तोवर मात्र सर्व वाहने त्या गावातून जात. तेव्हा मुलांना समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, भर बागेत पडलेली पाणबुडी आपोआप दिसे. आता ती पाहण्यासाठी मुद्दाम आत वळावे लागते, आणि वळावेच. गावाचे जुने नाव जर्मनटन होते. पहिल्या महायुद्धात ते बदलून ब्रिटिश पाणबुडीचा कप्तान होल्ब्रूक याचे नाव १९१५ मध्ये देण्यात आले. हल्ली तेथे आहे तो ऑस्ट्रेलियन नौदलातून निवृत्त झालेल्या 'ऑटवे' पाणबुडीचा वरचा सांगाडा.

सिडनीतील आपला ई-टॅग मेलबर्नच्या टोललाही चालतो, त्यामुळे निराळे काही घ्यावे लागत नाही. सुट्टीच्या दिवसांत 'ड्रायव्हर रिव्हायव्हर' अशी पाटी दिसली की जरूर थांबावे, तेथे स्वयंसेवक फुकट चहा-कॉफी देतात. चहा आपल्याला आवडेल असा नसतो, परंतु देणारी माणसे आई-बाबांच्या वयाची असतात आणि गप्पा मारतात. अंधार पडण्याच्या आत मात्र मुक्कामी पोहोचावे. एप्रिलमध्ये वोडोंगाशेजारच्या ऑल्बरीकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कांगारू रस्त्यावर येण्याची वेळ हीच.

आणि मुक्काम घरीच करावा. पन्नास वर्षांच्या मित्राला भेटायला जाऊन मोटेलात उतरणे म्हणजे लग्नाला जाऊन डबा खाण्यासारखे आहे.

आपला,
एपिंगचे काका

१२ मार्च २०२५, मेलबर्न

सर्वांना नमस्कार.

सिडनी सोडून मला सहा वर्षे झाली, तरी या यादीवरून माझे नाव कोणी काढलेले नाही, म्हणून यजमानीणबाईंच्या बाजूने चार ओळी लिहिते.

एपिंगच्या काकांचे दोन रात्रींचे म्हणणे मला मान्य आहे. घरी उतरण्याचे मुळीच मान्य नाही. वोडोंगाचे काकाही पंचाहत्तरीचेच असणार, आणि काकूही त्याच वयाच्या. त्यांच्या घरी पाच पाहुणे दोन रात्री राहणार म्हणजे पाच गाद्या, पाच पांघरुणे, दोन वेळचे जेवण, सकाळी पोहे आणि एकाच न्हाणीघरापुढे रांग. तोंडाने त्या 'या, या' म्हणतील आणि तुम्ही गेल्यावर आठवडाभर कंबर धरून बसतील. माझ्या सासूबाई हयात असताना आमच्याकडे हेच होत असे. जवळचे मोटेल आधी ठरवावे, आणि ठरल्यावरच त्यांना कळवावे. आधी विचारले तर तुम्ही हरलात.

दुसरे असे की काय नेणार हे आजच सांगून ठेवावे. मिठाई नेऊ नये, निम्म्यांना साखरेचा त्रास असतो. थालीपिठाची भाजणी न्यावी, मेतकूट न्यावे आणि वाटेत खायला दशम्या कराव्यात. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर शाकाहारी माणसाला गरम चिप्सशिवाय फारसे काही मिळत नाही.

आपली,
मेलबर्नची काकू

२७ एप्रिल २०२५, वेंटवर्थविल

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही काल सुखरूप परतलो. काका आणि काकू या दोघांचेही सल्ले आम्ही मानले, त्यामुळे दोघांनाही थोडेथोडे रागावण्यास जागा आहे.

कॅनबेराविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. लेक जॉर्जमध्ये मेंढ्या होत्या. गोलबर्नचा पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा मेंढा पाहून आईने 'एवढा कशाला?' असे विचारले आणि ती गाडीतून उतरली नाही.

गंडगाईला आम्ही जेवणासाठी थांबणार होतो, तेथे दोन तास गेले. मुख्य रस्त्यावर यारी आणि जॅकी जॅकी या दोघांचा पुतळा आहे. जून १८५२ मध्ये मरंबिजी नदीला महापूर आला आणि नदीकाठच्या सखल जागेत वसलेले ते गाव वाहून गेले. ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी यारी, जॅकी जॅकी आणि विराजुरी या तेथील आदिवासी समाजातील इतर पुरुषांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून साठाहून अधिक माणसे झाडांवरून आणि छपरांवरून उतरवून आणली. या जागी पाणी चढते, असे तेथील मूळ रहिवाशांनी गोऱ्यांना आधीच सांगितले होते. पुढे गाव टेकडीवर हलवले. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली असून आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. त्यांनी माझ्याकडून पाटीवरील मजकूर दोनदा वाचून घेतला, मग पहिला प्रश्न विचारला, तो सांगलीकर कोणालाही विचारतो तोच: 'पाणी किती फूट होते?' सांगलीत पावसाळ्यात 'आयर्विनला किती?' (म्हणजे कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट?) हे कुशल विचारण्यासारखेच आहे. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले तेव्हा बाबा वरच्या मजल्यावर तीन दिवस होते. त्यांना होडीतून उतरवणारी मुले पलीकडच्या गल्लीतली होती, आणि त्यांपैकी एकाचेही नाव त्यांना सांगता येत नाही, हे त्यांनी मला गंडगाईत प्रथमच सांगितले.

वोडोंगाला पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले होते. मोटेल आधी ठरवलेले होते आणि काकूंच्या सल्ल्याप्रमाणे ते ठरल्यावरच कळवले होते. मित्रकाका दाराशी उभे होते. त्यांनी बाबांना मिठी मारली नाही की हात मिळवला नाही. त्यांनी बाबांच्या हातातील पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, 'मोटेलात उतरायला तू काय एस.टी.चा ऑडिटर आहेस?' मग तहाची बोलणी होऊन असे ठरले की बाबा तेथेच झोपतील आणि आम्ही बाकीचे मोटेलात जाऊ. एका गादीने वोडोंगाच्या काकूंची कंबर राहिली आणि मित्रकाकांची मैत्रीही राहिली.

एपिंगच्या काकांचे 'दुसऱ्या दिवशी सकाळी' हे भाकीत मात्र निम्मेच खरे ठरले. दुसऱ्या दिवशी ते दोघे फारसे बोललेच नाहीत. मित्रकाका आम्हाला ऑल्बरीच्या वरच्या अंगाला दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या ह्यूम धरणावर घेऊन गेले. १९१९ मध्ये सुरू झालेले हे धरण १९३६ मध्ये पुरे झाले. उन्हाळा नुकताच संपल्याने पाणी उतरलेले होते, आणि जलाशयात मेलेली गमची (निलगिरीची) झाडे शेकड्यांनी उभी होती, पांढरी पडलेली, फांद्यांसकट. बाबा एका कठड्याला टेकून त्या झाडांच्या बुंध्यांवरचे पाण्याचे पट्टे पाहत राहिले. पाणी कोणत्या वर्षी कोठवर होते याचा अंदाज दोघांनी बोटे दाखवून केला, आणि पाऊण तासात त्यांच्यात याहून अधिक संभाषण झाले नाही. माझ्या मुलाने 'आजोबा भांडले का?' असे विचारले.

बोलणे झाले ते टॅलंगाटाच्या वाटेवर. धरणाची उंची वाढवायची ठरल्यावर हे संपूर्ण गाव १९५० च्या दशकात काही किलोमीटर पश्चिमेला हलवण्यात आले, आणि लाकडी घरे अखंड उचलून ट्रकवरून नेली. बाबा म्हणाले, 'आपल्याकडे कोयनेला लोकांनी वासे आणि कौले पाठीवरून नेली, इथे घरच गाडीत बसले.' त्यावर मित्रकाकांनी आपली हकिकत सांगितली. १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने ऑल्बरी-वोडोंगा हे जोडशहर तीन लाख वस्तीचे करण्याचा बेत आखला होता, आणि त्या कामासाठी अभियंते हवे होते, म्हणून ते येथे आले. शहर लाखाच्या आसपास थांबले. 'मी आखलेल्या काही रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना अजून गायी चरतात,' असे ते म्हणाले, आणि दोघे इतके हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्यांची मुलगी नदीपलीकडे ऑल्बरीत राहते. ऑल्बरी न्यू साउथ वेल्समध्ये आणि वोडोंगा व्हिक्टोरियात. जुलै २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे या दोन राज्यांची हद्द बंद झाली. १९१९ नंतर असे प्रथमच घडले होते. मुलीचे घर मोटारीने बारा मिनिटांवर, आणि तेथे जाण्यासाठी परवाना हवा. तो मिळेपर्यंत ती पुलाच्या त्या टोकाला आणि हे या टोकाला उभे राहून फोनवर बोलत असत. 'सांगलीत तुझा पूर, इथे माझा पोलीस,' एवढेच त्यांनी त्यावर म्हटले.

मेलबर्नचे चार दिवस मावसबहिणीच्या घरी आनंदात आणि अतिखाण्यात गेले. भाजणीचे थालीपीठ तेथे तीनदा झाले. परतताना आम्ही वोडोंगाला थांबलो नाही, कारण बाबांनीच नको म्हटले. हा निर्णय योग्य होता असे मला अजून वाटत नाही, परंतु गाडी पुलावरून जात असताना ते खिडकीबाहेर पाहत होते आणि मी वेग थोडा कमी केला.

एक विनंती आहे. आईने सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या कुरमुऱ्यांचे भडंग करून नेले होते. तो स्टीलचा कडीचा डबा, झाकणावर आजीच्या नावाची आद्याक्षरे कोरलेला, मित्रकाकांकडे राहिला आहे. ते फोनवर म्हणतात की डबा रिकामा परत पाठवायचा नसतो आणि काकू त्यात काय घालावे याचा विचार करत आहेत. जूनच्या लांब सुट्टीत कोणी ह्यूमने सिडनीकडे येणार असल्यास कृपया मला कळवावे. पत्ता मी स्वतंत्र कळवीन. मात्र 'चहापुरते डोकावतो' असे त्यांना सांगू नये.

आपली,
वेंटवर्थविलची एक सभासद