वारं लागलं की सातवी नस?

एकाने विचारलंय की मामांचं तोंड सकाळी उठल्यावर एका बाजूला ओढलेलं दिसलं, घरचे म्हणतात थंडीत गाडी चालवून वारं लागलं, हा लकवाच का? वाऱ्याचं म्हणाल तर अर्ध्या निफाडची तोंडं दर हिवाळ्यात वाकडी झाली असती. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी सातवी चेहरा हलवते. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात ती सुजली की दाबली जाते. हाच बेल्स पाल्सी. कारण बऱ्याचदा विषाणू असावा असं मानतात.

कपाळाला आठ्या घालायला सांगा. बेल्समध्ये त्या बाजूचं कपाळही सपाट राहतं. मेंदूच्या झटक्यात आठ्या सहसा पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून आज्ञा जाते. पण यावरून घरी निकाल लावू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. हात-पाय लुळा किंवा बोलणं अडखळत असेल तर थेट मोठं हॉस्पिटल. बेल्सच असेल तर स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं. डोळा मिटत नाही, म्हणून थेंब आणि रात्री पट्टी. लोक हेच विसरतात आणि बुबुळाला इजा होते.

मामांची ‘मिसळ बेचव लागते पण झोंबते’ ही तक्रारही बरोबर जुळते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी नस नेते, तर्रीचा झणका मात्र पाचवी.