इंग्रजीतील राजनैतिक शिफारशी अरबीत आणताना आज्ञा आणि शिफारस यांतले अंतर कसे राखावे?

रावेरची अनुवादक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. रावेर-सावद्याहून आखाती देशांत जाणाऱ्या केळीच्या कंटेनरसोबतची कागदपत्रे मी काही वर्षांपासून अरबीत करून देते. तिथे वजन, प्रत आणि तारीख बिनचूक असली की काम भागते. गेल्या महिन्यात एका अनुवादसंस्थेने चाचणी म्हणून वेगळेच काम दिले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत देशोदेशींचा जो सार्वत्रिक नियतकालिक आढावा होतो, त्यात एका देशाने दुसऱ्याला केलेल्या काही शिफारशी इंग्रजीतून अरबीत आणायच्या होत्या.

पहिल्या शिफारशीचा आशय 'छळविरोधी कराराच्या अनुसमर्थनाचा (म्हणजे स्वाक्षरीनंतर करार स्वतःवर बंधनकारक मानण्याच्या अंतिम मान्यतेचा) विचार करावा' असा होता. इंग्रजी क्रियापद आज्ञार्थी होते, म्हणून मीही 'उन्झुरी' असे आज्ञार्थी रूप घातले. पुढे तशाच एका वाक्यात 'विचार करावा' हा भाग मला पाल्हाळ वाटला, म्हणून तो गाळून मी सरळ अनुसमर्थनावर आले. मसुदा परत आला तेव्हा समासात लाल अक्षरांत एवढेच लिहिलेले होते : 'ही आज्ञा झाली, शिफारस राहिली नाही.' शब्दकोशाप्रमाणे शब्द बरोबर असूनही असे का झाले, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

धुळेकर (मस्कतमध्ये बारा वर्षे अनुवादाचे काम)

ताई, तुमच्या दोन्ही चुका सुरुवातीला बहुतेकांच्या होतात, पण दुसरी अधिक गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

भारताने छळविरोधी करारावर 1997 मध्ये स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. त्यामुळे भारताच्या आढाव्यात ही शिफारस वारंवार येते, आणि ती सगळे देश एकाच शब्दांत करत नाहीत. कोणी 'अनुसमर्थन द्यावे' म्हणतो, तर कोणी 'अनुसमर्थनाचा विचार करावा' म्हणतो. दुसरा देश आपला शब्द मुद्दाम मऊ ठेवतो आणि ज्याला शिफारस केली जाते तो देशही तो मऊपणा तोलूनच तिला पाठिंबा द्यायचा की केवळ नोंद घ्यायची, हे ठरवतो. 'विचार' गाळला की दोन वेगळ्या देशांच्या दोन भूमिका अरबी वाचकासमोर एकच होऊन जातात.

आज्ञार्थाचे म्हणाल, तर या आढाव्यातील इंग्रजी आज्ञार्थ अरबीत मसदराने, म्हणजे क्रियावाचक नामाने आणण्याची रीत आहे. 'अन्-नझर फी अत्-तस्दीक अला' असे लिहिले की 'अनुसमर्थनाचा विचार करणे' एवढाच अर्थ उरतो आणि समोरच्या राष्ट्राला हुकूम सोडल्यासारखे वाटत नाही. तज्ज्ञ समित्यांच्या अहवालांत मात्र रचना वेगळी असते. तिथे 'राज्यपक्षाने (म्हणजे करारात सामील असलेल्या देशाने) अमुक करायला हवे' अशा धर्तीचे वाक्य असते, आणि त्यासाठी 'यन्बगी' हे क्रियापद 'लि' या अव्ययासह येते. बोलण्यात अनेक जण 'यन्बगी अला' म्हणतात, पण जाणकार तपासनीस ते खोडतो. 'यजिब' वापरू नका. त्यात सक्ती आहे.

आणखी एक गोष्ट आहे. अरबीत क्रियापद बहुधा आधी येते आणि कर्त्याचे लिंग घेते. समिती म्हणजे 'लज्ना' स्त्रीलिंगी, म्हणून 'तूसी' (शिफारस करते), आणि परिषद म्हणजे 'मज्लिस' पुल्लिंगी, म्हणून 'यूसी'. मराठीत आपण दोन्हींना 'करते' म्हणतो, म्हणून इथे हात हमखास घसरतो.

तळोद्याचा निवृत्त अव्वल कारकून

मला अरबी येत नाही, परंतु मसदराचे वाचून राहवले नाही. तहसील कार्यालयात आम्ही आयुष्यभर 'कार्यवाही करा', 'कार्यवाही करावी' आणि 'कार्यवाही करणे' यांत फरक केला. वरिष्ठांना पाठवायच्या टिपणीत 'मंजुरी द्या' असे एखाद्या नव्या लिपिकाने लिहिले, तर तो कागद पुढे जात नसे. तिथे 'मंजुरी देण्यात यावी, ही विनंती' असेच लागे. ताईंनी प्रथम मराठीत 'करावे' की 'करणे' हे ठरवून मग अरबीकडे जावे, असे सुचवतो.

जळगावचा शिक्षक

कारकूनसाहेबांचा उपाय चांगला आहे, पण आपल्या मराठीतले अरबी शब्द फसवतात, हेही ध्यानात घ्यावे. आपली 'तक्रार' अरबीत 'पुनरावृत्ती' होते आणि आपला 'खुलासा' तिथे 'सारांश' होतो. तक्रारीसाठी 'शक्वा' हा शब्द घ्यावा. 'मसुदा' मात्र त्याच अर्थाने चालतो.

'नोंद घेणे' या प्रयोगाबाबतही सावध राहावे. महासभेने 2001 मध्ये 55/488 या निर्णयात स्पष्ट केले की, नोंद घेण्यात संमतीही नाही आणि असंमतीही नाही. अरबीत त्यासाठी 'अहात इल्मन' आहे. तिथे 'स्वागत केले' अशी छटा आली तर अनुवादकाने एका राष्ट्राच्या तोंडी नसलेले मत घातले, असे होईल.

'अल्' या निश्चित उपपदाचेही (इंग्रजीतल्या 'the' सारखे) तसेच आहे. सुरक्षा परिषदेच्या 1967 मधील 242 क्रमांकाच्या ठरावात इंग्रजी पाठात इस्रायलने व्यापलेल्या 'प्रदेशां'पूर्वी निश्चित उपपद नाही, फ्रेंच पाठ मात्र निश्चित अर्थाने वाचता येतो, आणि 'सगळे प्रदेश की काही' हा वाद अजून संपलेला नाही. अरबीत 'अराझिन' (प्रदेश, उपपदाविना) लिहायचे की 'अल्-अराझी' (ते प्रदेश), हा निर्णय म्हणूनच सवयीने घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवज-संग्रहात एकाच क्रमांकाचा कागद सहाही अधिकृत भाषांत उघडता येतो. इंग्रजी व अरबी शेजारी ठेवून रोज एक पान वाचावे.

रावेरची अनुवादक

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल रात्री भारताच्या आढाव्याचा अरबी अहवाल उघडून शिफारशींची यादी वाचली. 'अत्-तस्दीक' आणि 'अन्-नझर फी अत्-तस्दीक' या दोन्ही रचना एकाच यादीत दिसल्या आणि मी गाळलेला शब्द केवढा होता, ते कळले. माझे वाक्य आता असे आहे : 'अन्-नझर फी अत्-तस्दीक अला इत्तिफाकिय्यत मुनाहदत अत्-तअझीब.' हे चालेल का?

धुळेकर

चालेल, ताई. पुढच्या शिफारशीत तारीख असेल तर महिन्याची दोन्ही नावे लिहा : शाम (सीरिया-लेबनॉनचा भाग) व इराककडचे 'कानून अस्-सानी' आधी, मग तिरपी रेघ, मग इजिप्तकडचे 'यनायिर'. संयुक्त राष्ट्रांच्या अरबी कागदांत जानेवारी असाच लिहितात.